वाढत्या मापाची स्प्रिंग

एडमंटनला पहिला बर्फ पडला की माणसांना काय काय आठवतं. कुणाला मागच्या वर्षी घसरून मोडलेला हात आठवतो, कुणाला गावाकडचं ऊन. मला राग आठवतो. आजही तसंच झालं. सकाळी पडदा सारला तर ड्राइव्हवेवर पांढरा थर, समोरच्यांच्या गाडीवर पांढरा थर, आणि चहा व्हायच्या आधीच माझ्या पोटात तो जुना राग उठून बसला. चार-पाच हिवाळे उलटून गेले, आता तरी तो निवला असेल असं मला दर वर्षी वाटतं. निवत नाही. तो कुणाच्या जिवावर उठणारा वगैरे राग नाही, एका स्प्रिंगवरचा राग आहे. एवढं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काय आहे, असं मला दोघा-तिघांनी विचारलं आहे. ते सगळे पुरुष होते, हे वेगळं सांगायला नको.

स्प्रिंग होती माझ्या स्नोमोबाइलची. इथे तिला नुसतं स्लेड म्हणतात. पुढे दोन स्की, मागे रबराचा लांबलचक पट्टा, मध्ये इंजिन आणि वर आपण. ऑफिसातल्या लोकांनी एका फेब्रुवारीत मला जॅस्परच्या पलीकडे, ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरात नेलं आणि कुणाच्या तरी स्लेडवर बसवलं. त्या आधी बर्फ म्हणजे माझ्या लेखी फक्त शोव्हल करायची गोष्ट होती. पहाटे उठा, वाट मोकळी करा, परत पडला की परत करा. डोंगरातला बर्फ वेगळाच निघाला. भुसभुशीत, कंबरेएवढा, कुणीही न तुडवलेला. त्यावरून जाताना चाकाची खडखड नाही, रस्त्याचा हादरा नाही, नुसतं अंग एका बाजूला कललं की यंत्र त्या बाजूला वळतं. मी नागपूरची. बर्फ पहिल्यांदा पाहिला तो उसाच्या रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. त्या दिवशी मी देवदारांच्या मधून वर चढत गेले आणि माथ्यावर पोचल्यावर हेल्मेटच्या आत एकटीच हसत बसले. त्यानंतर वर्षभरात मी एक जुनी स्लेड घेतली. टर्बोवाली.

टर्बो का, तर डोंगरात उंच गेलं की हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाला धाप लागते. टर्बो त्याला हवा दाबून दाबून पाजतो. माझ्या स्लेडला तो आधीच्या मालकाने बसवून घेतला होता, पण मागचं सस्पेन्शन कंपनीतून आलेलं तेच ठेवलं होतं. म्हणजे पट्ट्याच्या आतला तो सांगाडा, ज्यावर मागचा सगळा भार पडतो. इंजिनाची ताकद दीडपट आणि खालचा सांगाडा जुनाच, तर दुसरं काय होणार? वेगाचा थ्रॉटल दाबला की पुढचं तोंड आभाळाकडे. सस्पेन्शन बदलायला हवं होतं, बाहेरच्या कुणाकडून तरी घ्यायला हवं होतं, आणि कोणतं घ्यायचं ते ठरवायला मी सर्वांत योग्य माणूस होते. हे मी गर्वाने म्हणत नाही. मी मेकॅनिकल शिकले आहे आणि पाइपलाइनवरच्या पंपांची थरथर मोजणं, ती कमी करणं, हे माझं पोटापाण्याचं काम आहे. स्प्रिंग, वजन, धक्का ही माझी रोजची भाजी-पोळी.

तर मी वाचायला बसले. ते दिवस फोरमचे होते. प्रत्येक गोष्टीवर इंटरनेटवर एक फोरम असे आणि त्यावर रात्रंदिवस भांडणं चालत. निवड शेवटी दोहोंवर आली. एक होतं स्प्रिंगचं, जाड गुंडाळीच्या स्प्रिंगचं. दणकट, थंडीला न जुमानणारं, पण एकदा ज्या वजनाची स्प्रिंग घेतली त्या वजनाच्या माणसासाठीच ते नीट चालणार. दुसरं होतं हवेचं. त्याला स्प्रिंगच नाही, नळकांड्यात हातपंपाने हवा भरायची. बारीक माणूस असेल तर कमी, जाड असेल तर जास्त. त्याच्याविरुद्ध तक्रार अशी, की कडक थंडीत त्याची सीलं आखडतात आणि हवा हळूहळू निसटते. मला ती तक्रार मान्य होती. पंप पाठीवरच्या पिशवीत टाकला की झालं. मला हवेचं हवं होतं, कारण फोरमवरच्या झाडून सगळ्या पुरुषांचं वजन माझ्या दीडपट-दुप्पट होतं आणि स्प्रिंगा त्यांच्यासाठीच बनत होत्या. मी एकदा तिथे विचारलंसुद्धा, की माझ्यासारख्या हलक्या चालकाने काय घ्यावं. एका सद्गृहस्थाने लगेच उत्तर टाकलं, "आस्क युअर हजबंड व्हॉट ही रन्स." नवरा कोणतं वापरतो ते त्यालाच विचार! खाली आणखी चौघांनी हसरे चेहरे चिकटवले.

माझा हजबंड म्हणजे हेमंत. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, भला माणूस. माझ्यानंतर वर्षभराने तोही शिकला आणि त्याने आपली साधी, टर्बो नसलेली स्लेड घेतली. आम्ही दोघं दुकानात गेलो. काउंटरवरचा ग्लेन अदबीने बोलत होता, पण बोलत होता हेमंतशी.

"हाउ मच डू यू वे, बडी?"

"मशीन माझी आहे," मी इंग्रजीत म्हणाले.

"ऑसम!" ग्लेन माझ्याकडे बघून हसला आणि परत हेमंतकडे वळला. "विथ गिअर ऑन?"

आणि हेमंतने सांगितलं. आपलं वजन, बूट-हेल्मेटसकट, अगदी प्रामाणिकपणे. बाहेर आल्यावर मी गाडीत तोंड फुगवून बसले तेव्हा तो म्हणाला, "अगं, त्याने विचारलं म्हणून सांगितलं." हे उत्तर माझ्या डोक्यात अजून जातं. विचारलं म्हणून सांगितलं! रस्त्यावर कुणी किती वाजले विचारलं तर सांगावं तसं.

लहानपणी आमच्याकडे सगळंच वाढत्या अंगाचं घ्यायचे. फ्रॉक वाढत्या अंगाचा, बूट वाढत्या पायाचे, पुढे कापूस कोंबून घालायचे. माझी पहिली सायकल अशीच आली. सीटवर बसलं की पाय पॅडलला पुरायचे नाहीत, म्हणून मी उभ्याने चालवायची, धरमपेठेतल्या उन्हात, अंगठ्यांवर. मला वाटायचं, ती माझ्या वाढत्या अंगाची आहे. मी काही पुढे फारशी वाढले नाही. मग एक दिवस आई सहज बोलून गेली, की सायकल मोठी घेतली ती पुढे तुझ्या भावाला व्हावी म्हणून. माझं आईवर प्रेम आहे, आणि तिच्यापुढे पोरांचे खर्च होते हेही मला कळतं. तरी त्या दिवशी मी ती सायकल भिंतीवर ढकलून दिली होती. माझ्या नावाने घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या मापाची असते, आणि ती चालवता आली नाही तर पडते मी.

इथे येऊनही काही बदललं नाही. साइटवर अंगभर घालायचा कव्हरऑल माझ्या बोटांच्या पुढे लोंबतो. हार्ड हॅट मागचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला तरी डोळ्यांवर येते. बर्फाच्या शोव्हलचा दांडा माझ्या खांद्याशी येतो. तक्रार केली की लोक म्हणतात, ॲडजस्ट करून घ्या. मी म्हणते, आधी ॲडजस्ट होणारी वस्तू तरी द्या.

त्या वर्षी दिवाळीच्या फराळाला आम्ही विनय भाऊजींकडे होतो. विनय हेमंतचा मित्र, आमच्याबरोबर डोंगरात येणारा तिसरा माणूस, आडवातिडवा, दिलखुलास. आमच्या लोकांची एक रीत आहे. घरात शिरलं की अर्ध्या तासात पुरुष बेसमेंटमध्ये उतरतात आणि बायका किचनमध्ये जमतात. कुणी कुणाला सांगत नाही, आपोआप होतं. मीही आपोआपच गेले. विनय भाऊजींची बायको शीतल कांदाभजी करत होती, मी तिच्या हातातला झारा घेतला. खालून हशा ऐकू येत होता. भज्यांची ताटली घेऊन मी उतरले तेव्हा लॅपटॉपभोवती डोकी जमली होती आणि विनय भाऊजींचा चेहरा नुसता उजळलेला.

"वहिनी, काम फत्ते! तुमचं सस्पेन्शन ऑर्डर करून टाकलं."

"कोणतं?"

"स्प्रिंगचं. हवेचं काय खरं नाही हो, मायनस थर्टीला बसेल फुस्स होऊन. आणि स्प्रिंग एक साइज वरची सांगितलीय."

"वरची? माझ्यासाठी?"

"अगं, कधी मी चालवेन, कधी विनय चालवेल," हेमंत म्हणाला. "टर्बो आहे शेवटी. आणि वाढत्या मापाचं घेतलेलं बरं असतं."

माझ्या हातात भजी होती म्हणून बरं. मी पस्तिशी ओलांडलेली बाई. मला वाढत्या मापाचं! रागावले की माझं पुणेरी सासर गळून पडतं आणि नागपूर वर येतं. "मी वर तुमच्यासाठी भजी तळून राहिले अन् तुम्ही इथं माझ्या मशीनचं ठरवून राहिले? मला हाक मारायला काय जिना चढावा लागत होता?"

कुणीतरी भजं उचललं आणि म्हणालं, "वा, मस्त झालीत हं." ऑर्डर खास मागवलेली होती, परत जाणार नव्हती. हेमंत दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "एकदा ट्राय तर कर. थिअरी वेगळी, बर्फ वेगळा." सॉफ्टवेअरच्या माणसाने मला हे सांगावं!

जानेवारीत ट्राय केलं. सस्पेन्शन दिसायला देखणं होतं, ते मी नाकारत नाही. पण मी बसले तरी ते बसेना. मागचा भाग माझ्या भाराने थोडा खाली दबायला हवा, तरच पट्टा बर्फ धरतो. माझ्याखाली तो ताठच्या ताठ. थ्रॉटल दाबला की पट्टा जागच्या जागी भुगा उडवत राही आणि यंत्र पुढे सरकत नसे. उंचवट्यावरून गेलं की सीट मला वर फेकी. दुपारी एका उताराला आडवी जात असताना मागचं टोक असं उसळलं की मी हवेत आणि स्लेड माझ्याशिवाय खाली. मी बर्फात गडगडत गेले, नाकातोंडात बर्फ, गुडघा मुरगळलेला. आवाज थांबल्यावर मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. घाबरले होते. खोटं कशाला सांगू, खूप घाबरले होते.

परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये ते दोघं पुढे आणि मी मागे, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून. बाहेर काळी झाडं सरकत होती. विनय भाऊजी आरशातून बघत मायेने म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण ही मशीन तुमच्यासाठी टू मच आहे."

"हातात जोर लागतो गं," हेमंत म्हणाला. "तुझी चूक नाही. विकून टाकू, तुला खालच्या सपाट ट्रेलवर चालवायला एखादी हलकी बघू. तीही मजा येते."

आणि मी "बघू" म्हणाले. त्या हिवाळ्यात माझ्या सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते हे, गुडघा नाही. मला एका क्षणाला खरंच वाटलं की हे म्हणतात ते बरोबर असेल. जोर नसेल माझ्यात. धीर नसेल. आदल्या वर्षी त्याच डोंगरावर मी जुन्या, खिळखिळ्या सांगाड्यावर चढले होते, पुढचं तोंड आभाळाकडे असताना चढले होते, हे मलाच आठवेना. माणसाला चुकीच्या मापाचं काही दिलं आणि वर प्रेमाने समजूत काढली, की त्याची स्वतःबद्दलची खात्री किती पटकन जाते! ओरडले असते तर मी भांडले असते. त्यांनी माया केली, त्यामुळे भांडायलाही जागा राहिली नाही.

पुढच्या शनिवारी शीतल भेटायला आली. गुडघा बघायला म्हणून आलेली, पण मी तिला गॅरेजमध्ये घेऊन गेले. तिला स्लेडमधलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मी तिच्या हातात मोजपट्टी दिली, मागच्या बंपरपासून जमिनीपर्यंत धर म्हटलं, आणि सीटवर बसले.

"किती खाली आलं?"

"हललंच नाही गं."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. तू बसलीस तरी का नक्की?"

मी दोनदा उडी मारून बसले. पट्टी तिथेच. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "शीतल, तू पण ये, मागे बस." ती सलवार सावरत, हसत हसत चढली, एका हातात पट्टी, दुसऱ्या हाताने मला घट्ट धरून बसली. आणि मागचा भाग सुस्कारा टाकावा तसा खाली गेला. अगदी हवा तितका. मी मागे वाकून पट्टी वाचली. पुस्तकात लिहितात तसं माप.

"म्हणजे ही दोघींची आहे," शीतल म्हणाली, "आणि चालवायला एकीला दिलीय."

आम्ही तशाच बसून राहिलो, गॅरेजच्या थंडीत, दोन बायका मिळून एक पुरुष. आधी हसू आलं. मग माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं नव्हतं. शीतल मागून म्हणाली, "हे तू त्यांना दाखव." मी म्हटलं, नाही दाखवणार. मी वजनाची गणितं ऑर्डरच्या आधी, ऑक्टोबरातच हेमंतला कागदावर मांडून दाखवली होती. आता परत पट्टी घेऊन, वकिलासारखी पुरावा मांडून, मला माझ्याच यंत्राची भीक मागायची नव्हती.

सोमवारी ऑफिसातून परस्पर दुकानात गेले. ग्लेन तिथेच. हवेचं हवंय म्हटल्यावर तो म्हणाला, "शुअर. व्हॉट्स ही वे?"

"ही इज नॉट कमिंग," मी म्हणाले, आणि माझं वजन सांगितलं, तेही बूट-हेल्मेटसकट. काउंटरवर मागे उभे असलेले दोघं-तिघं ऐकत होते. बाईने आपलं वजन चारचौघांत मोठ्याने सांगू नये म्हणतात. मला इतकं मोकळं आयुष्यात वाटलं नव्हतं.

स्प्रिंगचं सस्पेन्शन रेड डिअर गावाकडच्या एका धिप्पाड माणसाने नेलं. तो त्यावर खूश आहे, असायलाच हवा. वस्तू वाईट नव्हती.

मार्चमध्ये पुन्हा त्याच डोंगरात गेलो. मार्चचा डोंगर वेगळा असतो, ऊन लांबलेलं, बर्फावर निळसर झाक, हवेत राळेचा वास. मी सकाळी पंपाने हवा भरली, माझ्यापुरती. बसले. यंत्र माझ्याखाली अलगद दबलं, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला ते माझं वाटलं. पट्ट्याने बर्फ धरला. जानेवारीत जिथे पडले होते त्याच उताराला मी आडवी गेले, स्लेड एका कडेवर कलवून, अंगाच्या नुसत्या भाराने. हाताला जोर लागला नाही. जोर लागतच नसतो. वर पोचले, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं. कानांत शांतता भरली होती आणि गाल आनंदाने दुखत होते. खाली अख्खी दरी पडली होती, आणि तिच्यासाठी मी कुणाचंही देणं लागत नव्हते.

हेमंत मागून आला. हेल्मेट काढून, खऱ्याखुऱ्या कौतुकाने म्हणाला, "बघ! आता जमायला लागलं तुला."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, माझ्या यशाचा निर्मळ आनंद होता. जमायला लागलं! म्हणजे जानेवारी ते मार्च बदलले ते माझे हात, माझा धीर. खालचा सांगाडा बदलला, तो त्याच्याच डोळ्यांदेखत गॅरेजात बसवला, हे त्याच्या गावीही नाही. मी म्हणाले, "तू बघतोस चालवून?"

"टर्बो? देतेस?" लहान मुलासारखा खुलला तो.

माझ्यापुरत्या हवेवर नव्वद किलोच्या पुढचा माणूस बसला. मागचा भाग बुडाला तो बुडालाच. त्याने झोकात थ्रॉटल दाबला, पुढचे स्की वर उठले, पट्ट्याने दहा पावलांत विहीर खणली, आणि स्लेड मागच्या टोकावर उभी राहिल्यासारखी बर्फात रुतून बसली. तो बाजूला कलंडला, कंबरेपर्यंत बर्फात. उठला, चष्मा पुसला, यंत्राकडे वाकून बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला.

"हे सस्पेन्शन काही बरोबर नाही."

त्याला एका क्षणासाठीही वाटलं नाही की आपल्याला जमत नसेल. हातात जोर नसेल, मशीन आपल्यासाठी टू मच असेल, विकून टाकून हलकीशी घ्यावी, असलं काहीच त्याच्या मनाला शिवलं नाही. तो पडला तर यंत्र चुकीचं. मी पडले तेव्हा मी.

"सस्पेन्शन बरोबर नाही," मी म्हणाले. "तुझ्यासाठी."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग स्लेडकडे, मग खाली त्या उताराकडे, आणि बघता बघता त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. थंडीने नव्हे. "अगं, जानेवारीत..." एवढंच म्हणाला.

"हो. जानेवारीत."

मी पाठीवरची पिशवी काढली, शोव्हल बाहेर काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं आणि तो खणायला लागला.